ऐकू न येण्याचा पुरावा

क्रिसांता दुमायास ही सहा वर्षांची असताना तापाने फणफणली, आणि ताप गेला तो तिचं ऐकू येणं घेऊनच गेला. पुढच्या चौदा वर्षांत ती ओठांवरून बोलणं वाचायला इतकी पक्की शिकली, की इलोइलो शहराच्या मासळीबाजारात त्या टोकाला दोन बायका तिच्या मावशीबद्दल काय कुजबुजताहेत, ते ती या टोकाला मावशीला जसंच्या तसं सांगायची. मावशी मग हातातला सुका मासा न ठेवताच तिकडे निघायची. बाजारात क्रिसांताचा चांगला दरारा होता. विद्यापीठात मात्र हाच गुण तिच्या मुळावर आला.

मत्स्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला अल्कोरिसा सर शिकवायचे. माणूस विद्वान, पण त्यांचा सगळा जीव फळ्यावर. तास सुरू होताच वर्गाकडे जी पाठ करायचे, ती तास संपेपर्यंत. मधे क्षणभर वळून बघायचे, पण बोलायचे ते फळ्याशीच. आता पाठीवरून कोण काय वाचणार? पहिल्या सत्रात क्रिसांता जेमतेम काठावर पास झाली. वार्षिक परीक्षेत नापास झाली, तर फीमाफीची जागा जाणार आणि मग बाजारात मावशीशेजारी पाट टाकून बसायचं. तिला हवं होतं एवढंच, की तासाला शेजारी बसून कुणीतरी लिहून द्यावं. त्यासाठी विद्यापीठात साहाय्य कक्ष होता, आणि कक्षाला पुरावा हवा होता.

कक्षातल्या पालोमार मॅम मनाने मायाळू. कामाचं नंतर, आधी खाणं.

"जेवलीस का, इंदाय, पोरी? घे, बिबिंगका घे. गरम आहे."

क्रिसांताने तांदळाच्या केकचा तुकडा घेतला आणि डॉक्टरांचा दाखला पुढे केला. मॅमनी तो सुलटा वाचला, मागून पाहिला आणि उजेडात धरला.

"दाखला ठीक आहे. पण नगरपालिकेचं अपंगत्वाचं कार्ड कुठंय? त्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही. पलीकडच्या इमारतीत जा." मॅमनी ओठांचा चंबू करून, तिकडच्या पद्धतीने ओठांनीच, इमारत दाखवली.

नगरपालिकेत कार्डासाठी फोटो मागितला. डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण उंचीचा, आणि त्यात अपंगत्व स्पष्ट दिसायला हवं. क्रिसांता फोटोवाल्याकडे गेली. त्याने तिचा फोटो पुढून घेतला, बाजूने घेतला, केस मागे घ्यायला लावून कानाजवळ कॅमेरा नेला. कान दोन्ही जागेवर होते, आणि दिसायलाही बरे होते.

"यात काय दिसणार, कपाळ?" फोटोवाला म्हणाला. "माझ्याकडे कुबडी आहे. बरेच जण तीच घेऊन उभे राहतात."

"मला चालता येतं, दादा."

"मग कार्ड विसर."

घरी मावशीने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "घे ना कुबडी. नाहीतर त्या मॅमसमोर जरा बावळटासारखी बस. मुद्दाम चुकीची उत्तरं दे. तू फार चुरूचुरू बोलतेस, त्यांना खरं कसं वाटेल?"

क्रिसांताला मावशीचा राग आला, आणि तिचं म्हणणं खरं आहे याचा त्याहून जास्त आला. चौदा वर्षं मान ताठ करून जे कमावलं, ते आता लपवायचं? ती फोटोशिवायच कक्षात परत गेली.

"अगं, पण तू तर माझ्याशी नीट बोलतेयस," पालोमार मॅम समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "वरचे लोक मला विचारतील ना. बरं, मी वर बोलून पाहते. तू बाहेर बाकावर बस, नाव पुकारलं की ये."

क्रिसांता बाकावर बसली. मॅम आत, फायलींच्या कपाटाआड; त्यांना फटीतून बाक दिसायचा, बाकावरून त्यांचे ओठ दिसायचे नाहीत. उठून दारात यायचा तिथे रिवाज नव्हता. हाक आतूनच मारायची. संध्याकाळी कक्षाला कुलूप लागलं तेव्हा क्रिसांता उठली. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी ती न बोलावताच आत गेली.

"फाईल बंद झाली तुझी," मॅम म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "बोलावलं तर येत नाहीस. मी तरी काय करू?"

"मॅम, मी तिन्ही दिवस इथेच होते."

"मग मी काय खोटं बोलते? घसा बसला माझा. हे बघ, लिहून ठेवलंय." मॅमनी नोंदवही तिच्याकडे फिरवली.

तिन्ही तारखांसमोर टपोऱ्या अक्षरात एकच मजकूर होता: नाव तीनदा मोठ्याने पुकारले. विद्यार्थिनी बाकावर बसलेली असूनही प्रतिसाद नाही. खाली सही आणि कक्षाचा गोल शिक्का.

क्रिसांताने सावकाश वाचलं. "मॅम, याची शिक्क्यासकट प्रत मिळेल?"

"कशाला?"

"पुरावा म्हणून."

मॅमनी वही परत आपल्याकडे वळवली आणि स्वतःचं अक्षर मनातल्या मनात वाचलं. ओठ मात्र हलत होते. वाचता वाचता त्या थांबल्या, गोऱ्यामोऱ्या झाल्या, आणि त्यांनी बिबिंगकाची बशी पुढे सरकवली.

त्या नोंदीची प्रत पाहून कक्षाच्या संचालकांनी दोन मिनिटांत सही केली. डॉक्टरवर शंका घेता येते, विद्यार्थिनीवर तर घ्यायचीच असते. स्वतःच्या शिक्क्यावर कोण घेणार?

सोमवारी नेनिता नावाची मुलगी लिहायला क्रिसांताशेजारी बसली. तिला सगळं लिहायला सांगितलं होतं, म्हणून तिने सगळंच लिहिलं: माशांच्या कल्ल्यांचे प्रकार, सरांचा खोकला, आणि सरांचे विनोदही. सर विनोद करतात हे क्रिसांताला ठाऊक होतं. वर्ग हसला की तीही हसायची, वर्षभर हसत आली होती. विनोद कोणता, ते पहिल्यांदाच आज वाचायला मिळत होतं.

नेनिताने लिहिलं होतं: "सर म्हणाले, पहिल्या बाकावरच्या बाईंचं नेहमीचं सुरू आहे. मी वळलो की माझ्या तोंडाकडे अशा टक लावून बघतात, की सकाळचा मासा दातांत अडकलाय की काय असं वाटतं. सगळे हसले." आणि त्याखाली, बारीक अक्षरात: "तूही हसलीस."

क्रिसांताचे कान तापले. मग तिने हात वर केला, आणि सर फळ्याकडे तोंड करून होते म्हणून उभीच राहिली. वर्ग गप्प झाला असावा, कारण सर वळले.

"सर, तुमच्या दातांत काही नाही," ती म्हणाली. "मी वर्षभर बघतेय. तेवढं तोंड इकडे ठेवून शिकवाल?"

या वेळी कुणीच हसलं नाही. ते तिला वळून न बघताही कळलं, कारण नेनिताने तसं लिहिलं.