आईने परत नेलेलं पान

जानेवारी २०२०. मुंबई विमानतळाच्या दारात आईने पर्समधून ओल्या रुमालात गुंडाळलेलं बेगोनियाचं पान काढलं आणि माझ्या हातात कोंबलं. कुणाच्याही घरचं झाड आवडलं की त्याची काडी नाहीतर पान घेतल्याशिवाय ती निघायची नाही, तेही न विचारता. पुण्यातली आमची अख्खी बाल्कनी अशा चोरीच्या मालावर बहरलेली. मी मात्र आफ्रिकेच्या जंगलातल्या बेगोनियांवर पीएचडी करायला आयर्लंडला निघालेली शहाणी. म्हटलं, "आई, परवानगीशिवाय नेता येत नाही असं." तिने रुमाल परत पर्समध्ये ठेवला.

डब्लिनची भाडी झेपेनात म्हणून जवळच्याच ड्रोहेडा गावात खोली घेतली. मार्चमध्ये कॅमेरूनला जायचं होतं. तिथे झाडांच्या खोडांवर आणि पाझरत्या कातळांवर ही पिवळ्या फुलांची इवलीशी बेगोनिया वाढते. लॉकडाऊन लागला आणि ते जंगल मी अजूनही पाहिलेलं नाही. रीतसर परवाने काढून आधीच आणलेली थोडी रोपं युनिव्हर्सिटीच्या काचघरात होती, तेवढाच आधार. पुढच्या हिवाळ्यात पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी आली आणि ती रोपंही फोनमध्ये गेली. ब्रेंडन नावाचे वयस्कर माळी व्हिडिओवर एकेक कुंडी दाखवत म्हणायचे, सगळं ग्रँड आहे, म्हणजे छान चाललंय. मला पानांच्या काळ्या पडलेल्या कडा दिसायच्या. मुळं कुजताहेत, पाणी कमी करा, असं मी सांगायची. ते हो म्हणायचे आणि मायेने आणखी घालायचे. निम्म्याहून जास्त रोपं गेली.

२०२१च्या एप्रिलमध्ये आईला कोविड झाला. दाखल करताना माझ्या धाकट्या भावाने, मंदारने, फोन तिच्यासमोर धरला. "ठीक आहे गं ताई, बोलतेय ती," तो म्हणाला. तिने मला जेवलीस का विचारलं. कुंडीतली कूज फोनवरून ओळखणारी मी, पण तेवढं विचारायलाही तिला दोनदा श्वासासाठी थांबावं लागलं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. याचा मला आजही स्वतःचा राग येतो. मी तिकीट बघायला लागले तर मंदार म्हणाला, येऊन काय करशील, मलाच आत सोडत नाहीत. चौथ्या दिवशी ती गेली. ड्रोहेडातल्या किचनमध्ये ओट्यापाशी उभी राहून मी तिला फोनवर शेवटचं पाहिलं, तेही पूर्ण गुंडाळलेलं.

इकडे आलेल्या तुमच्यापैकी कितीतरी जणांनी असंच पाहिलं असेल. तिकडे राहिलेल्यांना वाटतं, इकडे आलेले सुटले. मलाही रागाच्या भरात एकदा मंदार तसं बोलला.

जूनमध्ये त्याने व्हिडिओवर बाल्कनी दाखवली. बरीच झाडं वाळली होती. कोपऱ्यात मात्र एक बेगोनिया चांगली कुंडीभर पसरलेली.

"ही तुझी," तो म्हणाला. "एअरपोर्टवर परत दिलेलं पान. घरी आल्याआल्या लावलं होतं तिने. ताई, हिला पाणी किती घालू?"

माझा तर हा अभ्यासाचा विषय. मी विचारलं, "आई किती घालायची?"

"कधी बघितलंच नाही गं."

घर म्हणजे आता माझ्यासाठी ती एक कुंडी आहे, आणि तिला पाणी किती लागतं हे माहीत नसलेले आम्ही दोघं.