धर्मपालची कानस

सिलतऱ्याच्या कारखान्यात धर्मपाल मेश्राम बावीस वर्षांपासून फिटर. नवं स्प्रॉकेट, म्हणजे कन्व्हेयरची साखळी ओढणारं दातेरी चाक, आलं की तो आधी त्याच्या दातावर कानस ओढायचा. घसरली तर पोलाद कडक. लोखंडाचा कीस निघाला तर माल परत. अवजड साखळी ओढणारा दात वरून कडक आणि आतून चिवट लागतो, हे त्यानं खरेदीवाल्या शेखरला तोंड दुखेपर्यंत सांगितलं होतं. पण ऐकतो कोण? दरवेळी तेच मऊ लोखंड यायचं, शेवटी तेच बसवावं लागायचं, दोन महिन्यांत दात झिजायचे, कन्व्हेयर बंद पडायचा आणि शिव्या खायला धर्मपाल!

यंदा सलग तिसरा माल त्यानं परत केला, तेव्हा शेखर स्वतःच स्टोअरमध्ये आला.

"भैया, तुमची कानसच खराब आहे. ही घ्या, ऑफिसनं नवी आणली. आता हिनंच तपासायचं."

धर्मपालनं नवी कानस त्याच परत केलेल्या स्प्रॉकेटच्या दातावर ओढली. ती सर्रकन घसरली.

"पाहा, कडक आहे की नाही? करा माल घेतल्याची सही."

धर्मपालनं खिशातून घराची मऊ पितळेची चावी काढली आणि तिच्यावर तीच कानस ओढली. तिथंही घसरली.

"शेखरभाऊ," तो भडकून म्हणाला, "मंग स्प्रॉकेट कायले पायजे? माह्या घराची चावीच लावा न कन्व्हेयरले!"