पासपोर्ट खात्याची पाटी

वसईत असताना मी पत्रकं लिहायचो. टँकरच्या पाण्याबद्दल, बुजवलेल्या बावखलांबद्दल, म्हणजे गावतळ्यांबद्दल, कागदावरच राहिलेल्या गटारांबद्दल. वर ठळक प्रश्न, खाली मजकूर, शेवटी ‘उत्तर द्या, नाहीतर खुर्ची सोडा’. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या दारात उभा राहून वाटायचो. लोक घेत, घडी घालून खिशात ठेवत आणि कोळंबी घ्यायला जात. तरी मला बरं वाटायचं. कुणाला तरी जाब विचारला होता.

पोट त्यावर भरेना. मस्कतमध्ये असलेल्या मामाने मला गाला भागातल्या पाट्यांच्या कारखान्यात चिकटवलं. विमानतळावरून गाडीत बसवतानाच त्याने बजावलं, “इथं पाटीवरचं लिहायचं. मनातलं नाही.”

काम सोपं होतं. मी कॉम्प्युटरवर अक्षरं मांडायची, मशीन पितळेत कोरणार, आणि मग ती पाटी उस्तादांकडे पॉलिशला जाणार. उस्ताद पन्नाशीचे, उंच, काळेभोर, समुद्रापलीकडच्या आफ्रिकेतले. अरबी त्यांची स्वतःची, हिंदी कारखान्यात शिकलेली. मी प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो म्हणून ते मला ‘वकील’ म्हणायचे.

त्यांचा देश नुकताच वेगळा झाला होता. देशाचं नाव लिहीत नाही, त्यांची अडचण वाढायला नको. ज्या देशातून ते फुटून निघाले, त्याचा जुना पासपोर्ट त्यांच्याकडे होता आणि त्याची मुदत संपत आली होती. जुन्या देशाच्या वकिलातीने सांगितलं, तुम्ही आता आमचे नाही, तुमच्या सरकारकडे जा. नव्या देशाची वकिलात नव्हती. कारण सरकारच नव्हतं. आणि तिकडे उस्तादांची आई अंथरुणाला खिळली होती. तिला एकदा बघून यायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. इतक्या थोड्या मुदतीच्या पासपोर्टवर इथून निघता येत नव्हतं, आणि नव्याशिवाय इथलं राहण्याचं कार्डही पुढे वाढणार नव्हतं.

अशात एका व्यापाऱ्यामार्फत आमच्याकडे ऑर्डर आली. त्याच देशाच्या पहिल्या मध्यवर्ती सरकारच्या दारांवरच्या पाट्या.

उस्ताद त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजत फिरले. मीही खूश होतो. आमचे मॅनेजर पुण्याचे, त्यांनी मात्र ऑर्डर वाचून चष्मा काढला. म्हणाले, पाट्या लहान करायच्या आहेत, कारण मंत्रालयं सध्या एका हॉटेलात आहेत आणि खोल्यांचे नंबर झाकायचे नाहीत. पत्त्याची ओळ कोरी ठेवायची, राजधानी कुठे ते ठरायचंय. मंत्र्याच्या नावाची जागाही कोरी.

“मग सरकार म्हणून आहे काय तिकडे?” मी विचारलं.

“दारं आहेत,” मॅनेजर म्हणाले. “तू अक्षरं लाव.”

वेगळं होण्यासाठी लढताना तिकडचे तीन गट एकत्र होते. जिंकल्यावर प्रत्येकाला आपापला हिशेब आठवला. एक उपाध्यक्ष ठरला होता, ते तीन झाले. तिघांच्या पाट्या एकाच मापाच्या आणि एकाच चकाकीच्या हव्यात, असं खास कळवण्यात आलं. शेती खातं फोडून पिकं वेगळी, गुरं वेगळी, मासे वेगळे झाले. मी आठवड्यात केलेलं काम पुढच्या आठवड्यात रद्द. रद्द झालेल्या पाट्या उस्ताद पुन्हा घासून सपाट करायचे. मासे घासले, तिथे खनिजं कोरली.

वसईत असतो तर मी यावर झकास पत्रक काढलं असतं. पण खरं सांगतो, मला त्यांचं भांडण अगदीच मूर्खपणाचं वाटेना. इतकी वर्षं ज्यांना कुठल्याच दारातून आत घेतलं नाही, ते पहिल्या दारावर नाव कुणाचं यावर भांडणारच. फक्त त्या दाराबाहेर उस्ताद उभे होते.

पासपोर्ट खात्याची पाटी मी पहिल्या खेपेलाच केली होती. उस्तादांनी ती इतकी घासली की तोंड दिसावं. मग निरोप आला की ती थांबवा. पासपोर्ट गृहखात्याचे की परराष्ट्र खात्याचे, यावर दोन गट अडून बसलेत. पाटी फडक्यात गुंडाळून मशीनमागच्या फळीवर गेली. उस्ताद जेवणाच्या सुट्टीत ती खाली काढायचे, धूळ पुसायचे, परत ठेवायचे. एकदा आईचा फोन आला तेव्हा पाटी त्यांच्या मांडीवरच होती. मी विचारलं, आई काय म्हणते. ते हसले. तिने विचारलं होतं, तू तिथे काय काम करतोस. यांनी सांगितलं, सरकार बनवतो. ती म्हणाली, मग जरा लवकर बनव.

मला राहवेना. मी मॅनेजरांसमोर जाऊन बसलो, म्हटलं कुठे तरी अर्ज करू, सगळ्यांच्या सह्या घेऊ.

“कुणाकडे करणार अर्ज?” ते म्हणाले. “इथल्या सरकारचा यात दोष नाही. जुना देश हात वर करतो. नव्याकडे टेबल नाही. अरे, मीही फोन करून थकलोय. अर्बाबनेही, आपल्या मालकाने, शब्द टाकून पाहिला. आणि सह्या-बिह्या इथे चालत नाहीत, माहीत आहे ना तुला?”

माहीत होतं. तरी मी एक केलं. ऑर्डर पाठवणाऱ्या तिकडच्या खरेदी अधिकाऱ्याचा ईमेल माझ्याकडे होता. मापं विचारायच्या निमित्ताने मी त्याला जुन्या सवयीने झोडलं. देश कुणासाठी केलात? मुलाला आईकडे जायला कागद देत नाही, ते सरकार कसलं? दारावरच्या पाट्या चमकवताय, दार कधी उघडणार? पाठवल्यावर कितीतरी दिवसांनी मला पूर्वीसारखं हलकं वाटलं.

उत्तर सभ्य होतं. त्याने लिहिलं होतं, तुमचं बरोबर आहे. खातेवाटप होईपर्यंत मला कुणाला काही सांगण्याचा अधिकार नाही. माझी नेमणूकसुद्धा तोंडी आहे. माझ्याकडेही पासपोर्ट नाही. उपाध्यक्षांच्या पाट्यांचं माप तेवढं कृपया सांभाळा.

मी ते दोनदा वाचलं. आजवर मी ज्यांना ज्यांना झोडलं, ते खुर्चीत बसलेले होते. शिव्या द्यायलाही आधी सरकार असावं लागतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

अखेर तडजोड झाली. पासपोर्ट खातं दोन्हीकडे. गृहखात्यात एक, परराष्ट्र खात्यात एक. फळीवरची पाटी उतरवली आणि तिच्यासारखीच दुसरी करायला घेतली. मॅनेजर म्हणाले, चला, निदान सुटलं. मी उस्तादांना विचारलं, तुम्ही कुठल्या दारावर जाणार?

“दोन्ही,” ते म्हणाले. “एक म्हणेल तिकडे जा. दुसरा म्हणेल इन्शाल्ला.” दुसरी पाटी त्यांनी पहिलीइतकीच घासली. मला राग आला. कशाला एवढी घासता, असं ओठांवर आलं होतं.

माल पेटीत भरला तोवर त्यांच्या जुन्या पासपोर्टची मुदत संपून गेली होती. ट्रक सोहारच्या बंदराकडे जायचा होता. एरवी मोठ्या मालाबरोबर उस्ताद जात, पण आता वाटेत कुणी कार्ड मागितलं तर काय, म्हणून मॅनेजरांनी त्यांना जाऊ दिलं नाही. पेटीवर ‘जपून हाताळा’ हे मी अरबीत आणि इंग्रजीत लिहिलं. उस्तादांनी पेटीवर हात ठेवला, ड्रायव्हरला ‘यल्ला, चल’ म्हटलं. ट्रक गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत आम्ही उन्हात उभे होतो. मग त्यांनी फोन लावला.

थोडंसंच बोलणं झालं. तिकडून बाईचा बारीक, भरभर आवाज येत होता. फोन ठेवल्यावर उस्तादांनीच सांगितलं. “आईला म्हटलं, माझं सामान निघालं.”

“आणि त्या काय म्हणाल्या?”

“म्हणाली, म्हणजे तू मागून येतोस. शेजारणीला हाक मारली तिने. अंगण झाडून घ्यायला सांगत होती.”

“उस्ताद, असं कशाला सांगितलंत?”

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मला खरंच माहीत असेल, अशा नजरेने. “मग काय सांगू, वकील? तू सांग.”

आत मॅनेजर हाका मारत होते. रुसैलच्या एका कारखान्याचा बोर्ड त्याच दिवशी हवा होता. मी आत जाऊन अक्षरं लावायला बसलो. उस्ताद बराच वेळ बाहेरच होते.