सोळा पानांचा माग

रूपालीची नोकरी अडकलेल्या माणसांशी बोलण्याची. एका लिफ्ट कंपनीच्या तक्रार-कक्षात ती अकरा वर्षं फोनवर बसते. कुठल्यातरी इमारतीत चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबते, आतला माणूस घामाघूम होऊन लाल बटण दाबतो आणि त्याच्या कानावर रूपालीचा आवाज येतो. माणूस तेलुगूत घाबरला असेल तर तेलुगूत, हिंदीत घाबरला असेल तर हिंदीत. मेकॅनिक पोचेपर्यंत ती त्याला बोलतं ठेवते. घरी कोण असतं, आज जेवायला काय केलं होतं, मुलगी कितवीत आहे. हैदराबादेत तिचा चेहरा न पाहिलेली शेकडो माणसं तिचा आवाज मात्र विसरणार नाहीत.

या कामात मराठी कधी लागली नाही. मराठी घरातली, बोलायची भाषा. तिचे आईवडील भोकरकडचे, पण तिचा जन्म सिकंदराबादचा. शाळा तेलुगू आणि इंग्रजीतली, हिंदी एक विषय म्हणून होती तेवढीच. त्यामुळे अक्षरं ओळखीची, पण मराठी पुस्तक छत्तीस वर्षांत एकही वाचलेलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका हे तिने वाचलेलं सगळ्यांत लांब मराठी लिखाण.

सासरे नागोराव अगदी उलट. चौतीस वर्षं रेल्वेत गँगमन. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज आठ-नऊ किलोमीटर रुळांवरून चालायचं, सैल बोल्ट आवळायचा, तडा दिसला की लाल झेंडी लावायची. वाचायला शिकले ते नोकरी लागल्यावर, विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात. बाबासाहेबांची भाषणं वाचून झाली आणि मग त्यांना रहस्यकथांची गोडी लागली ती कायमची. मराठी मंडळाच्या वाचनालयात खून, चोरी, दरोडा असं काहीही आलं की पहिलं नाव नागोरावांचं.

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले. त्यांनी त्रागा केला नाही, कुणाला दोष दिला नाही. फक्त बोलणं कमी झालं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, चहा दिला की प्यायचे, जेवायला हाक मारली की उठायचे. रूपालीचा नवरा अमरदीप मालगाडीवर गार्ड, चार दिवस घरी तर चार दिवस बाहेर. तो आला की वडिलांजवळ बसायचा आणि दोघांनाही काय बोलावं ते सुचायचं नाही.

अशात एक दिवस वाचनालयाच्या इंदुताईंचा फोन आला. "नागोरावांनी तीन वर्षांपूर्वी एका पुस्तकासाठी नाव लावलं होतं. सापडत नव्हतं. परवा कपाटामागं मिळालं. घेऊन जाता का?"

पुस्तकाचं नाव होतं 'पाणवठा क्रमांक सात'. लेखक आबासाहेब कंधारकर, निवृत्त फौजदार. रूपालीने ते आणून सासऱ्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी कव्हरवरून हात फिरवला, पानांचा वास घेतला आणि पुस्तक तिच्याकडे परत केलं.

"देऊन ये बाई. आता मी काय करू याचं?"

रूपाली ऑफिसातून नुकतीच आली होती. गॅसवर चहा उकळत होता. तिने गॅस बंद केला, समोरच्या स्टुलावर बसली आणि पहिलं पान उघडलं.

पहिलं वाक्य वाचायला तिला अर्धं मिनिट लागलं. 'ळ' आला की ती थबकायची. 'झाड' हा शब्द ती रोज बरोबर बोलायची, पण छापलेला दिसला की शाळेतली हिंदी जिभेवर यायची. नागोराव दोन परिच्छेद गप्प ऐकत राहिले आणि मग चक्क हसले. कितीतरी महिन्यांनी.

"रूपा, घरात तू नीट बोलतीस. पुस्तकात शिरलीस की थेट दिल्लीला कशी काय जायलीस?"

"मामा, मग तुम्ही सांगा ना कसं म्हणायचं!"

त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. रोज साडेसहा ते आठ असा नेम ठरून गेला. आठवड्याभरात रूपाली अडखळायची थांबली, आणि त्याला कारण पुस्तकच होतं. अडखळलं की गोष्ट थांबते, आणि ही गोष्ट थांबलेली तिलाच सहन होईना.

गोष्ट होती व्यंकू नावाच्या दरोडेखोराची. पैनगंगेच्या अल्याड-पल्याडचं सागवानाचं रान त्याने अकरा वर्षं मुठीत ठेवलेलं. त्याच्या मागावर फौजदार सोनटक्के आणि तीन शिपाई. पण हा फौजदार छाती काढून चालणारा नाही. त्याच्या पायाला फोड येतात, त्याला वेळेवर जेवण लागतं, त्याला रानात भीती वाटते आणि ती तो शिपायांपासून लपवत नाही. गावात माहिती विचारायला गेला तर आधी विहिरीवर पाणी शेंदू लागतो. तीनदा व्यंकूच्या पावलांचा माग लागतो आणि तीनदा तो एकाच ठिकाणी विरून जातो, पूर्वी लाकूड वाहणाऱ्या एका छोट्या गाडीचा बंद पडलेला रूळ होता तिथे.

"हा माणूस चाललेला आहे," नागोराव मध्येच म्हणाले.

"कोण, सोनटक्के?"

"नाही गं. लिहिणारा. घरात बसून असं लिहिता येत नाही. उन्हाळ्यात बुटाच्या आत पाय कसा सुजतो ते बघ, किती खरं लिहिलंय. अशी पुस्तकं मी शंभरावर वाचली असतील. त्यातले पोलीस नुसते पळतात. हे चालतात."

बारा वर्षांची लेक पिंकी सुरुवातीला मोबाइल घेऊन आत बसायची. चौथ्या प्रकरणापासून तीही खुर्चीच्या पायाशी येऊन बसली. अमरदीप ड्युटीवरून फोन करायचा तो आधी बायकोची चौकशी करायला नव्हे. "व्यंकू सापडला का?" हा त्याचा पहिला प्रश्न.

आणि मग एका गुरुवारी घात झाला. सातव्या पाणवठ्याजवळ सोनटक्के आणि तीन शिपाई पालथे पडून आहेत. पाखरं एकदम गप्प झाली आहेत. कशाची तरी चाहूल लागते, सोनटक्के मान वळवतो, आणि... रूपालीने पान उलटलं तर पुढे पुठ्ठा. दोनशे आठनंतर काहीच नाही. शेवटची सोळा पानं कसरीने खाऊन कधीच गळून गेली होती.

"वाच की," नागोराव म्हणाले.

"नाही आहेत पानं, मामा."

पिंकी म्हणाली, "हे चीटिंग आहे."

नागोराव मात्र खुर्चीत पुढे सरकून बसले. डोळे मिटून ते बराच वेळ बोटांनी गुडघ्यावर काहीतरी मोजत होते.

"तो रुळावरनं येणार बघ," ते म्हणाले. "त्या बंद रुळावरनं, अनवाणी. खडीवर पाऊल उमटत नाही. तीनदा माग तिथंच मोडतो, तो उगाच नाही. लिहिणाऱ्यानं आपल्याला सांगून ठेवलंय."

"अन् पकडतात का नाही?"

"ते कळल्याबिगर मला झोप यायची नाही आता."

ते ऐकून रूपालीने मनाशी ठरवलं, पानं शोधायचीच.

इंदुताईंकडे दुसरी प्रत नव्हती. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिने विचारलं, तर एकाने लिहिलं, "शेवटी व्यंकू मरतो," आणि दुसऱ्याने लिहिलं, "पळून जातो." दोघांनीही पुस्तक वाचलेलं नव्हतं, हे तिला दोन प्रश्नांत कळलं. अफझलगंजच्या मोठ्या ग्रंथालयात ती अर्धा दिवस रजा टाकून गेली. तिथे हे पुस्तक आलेलंच नव्हतं. मग रविवारी आबिड्सचा फुटपाथ. जुन्या पुस्तकांच्या ढिगांत स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं, रंग उडालेले नकाशे, उर्दू मासिकं. एक म्हातारा विक्रेता तिच्याकडे आश्चर्याने बघत म्हणाला, "मराठी? मराठी कौन पढते जी अब?"

"मैं पढतूं," रूपाली म्हणाली. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की ही गोष्ट आता खरी आहे.

तीन रविवार गेले, पुस्तक मिळालं नाही. चौथ्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत ती ते पुस्तक पुन्हा चाळत होती आणि तिची नजर आतल्या पानावरच्या बारीक अक्षरांवर गेली. छापखान्याचं नाव, नांदेडचा पत्ता, एक जुना फोन नंबर. तेव्हा तिला स्वतःचंच हसू आलं. माणसं शोधणं हाच तर तिचा धंदा. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस कधी पूर्ण पत्ता सांगतो? "मेडिकलच्या शेजारची बिल्डिंग" एवढ्यावर तिने माणसं सोडवली होती.

नंबर बंद होता. तिने त्या गल्लीतलं एक झेरॉक्सचं दुकान इंटरनेटवर शोधलं आणि तिथे फोन लावला. दुकानदाराने सांगितलं, छापखाना आता फ्लेक्सचे बोर्ड छापतो, मुलगा चालवतो, हा घ्या त्याचा मोबाइल. मुलाला पुस्तक आठवत नव्हतं, पण कंधारचे फौजदार आठवत होते. वडिलांच्या जुन्या वहीतून त्याने एक नंबर काढून दिला. तो लागला संदेश नावाच्या माणसाला, आबासाहेबांच्या मुलाला.

"पुस्तक? बाबांचं?" संदेश चाचरत म्हणाला. "तुम्ही... वाचलंत?"

"दोनशे आठ पानं. पुढची हवी आहेत. आबासाहेब..." तिला पुढचं विचारवेना.

"आहेत हो, आहेत! ब्याऐंशीचे आहेत, खणखणीत. थांबा. नाही, असं नको. रविवारी दुपारी फोन करा. ते स्वतः बोलतील."

त्या रविवारी दुपारी अमरदीपही घरी होता. फोन स्टुलावर ठेवला, स्पीकर चालू केला. पलीकडून खाकरल्याचा आवाज आला, मग पान उलटल्याचा. आणि आबासाहेब कंधारकरांनी स्वतःचं पुस्तक दोनशे नऊपासून वाचायला सुरुवात केली.

आवाज थोडा घोगरा, पण शब्द ठाम. सोनटक्के मान वळवतो. चाहूल पाण्याकडून नाही, पाठीमागून, बंद रुळाकडून येते आहे. कुणीतरी खडीवरून अनवाणी चालत येतं आहे.

"आलं का नाही!" नागोराव खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "रुळावरनं आलं का नाही!"

पलीकडचं वाचन थांबलं. "तुम्हाला कसं कळलं?" आबासाहेबांनी विचारलं.

"चौतीस वर्षं खडीवर चाललोय साहेब. गँगमन होतो."

"जय भीम," पलीकडून आवाज आला. मग, "नाव लावलं होतं ते नागोराव तुम्हीच ना? संदेशनं सांगितलं. हे पुस्तक छापून एकोणीस वर्षं झाली. खात्यातले म्हणाले, यात गोळीबार कमी आहे. साहित्यिक म्हणाले, यात दरोडेखोर जास्त आहे. रुळाची गोष्ट आजवर एकानंही ओळखली नव्हती."

मग त्यांनी उरलेलं वाचलं. सोनटक्के स्वतःचे बूट काढतो, व्यंकूला पुढे जाऊ देतो, त्याच खडीवर अनवाणी उतरतो आणि त्याच्या पावलाबरोबर पाऊल टाकत मागून जातो. एकही गोळी न झाडता अकरा वर्षांची दहशत चार माणसं दोरीने बांधून गावात आणतात. विहिरीवरच्या बाया घागरी खाली ठेवून बघत राहतात. वाचन संपलं तेव्हा पिंकीने टाळ्या वाजवल्या, अमरदीपने वाजवल्या, आणि फोनच्या पलीकडे संदेशच्या घरातही कुणीतरी वाजवत होतं.

संदेशने सोळा पानांचे फोटो पाठवले. इंदुताईंनी ती छापून पुस्तकात शिवून टाकली.

गोष्ट इथे संपली असती, पण रूपाली आता थांबणाऱ्यांतली राहिली नव्हती. मंडळाचा 'माझं आवडतं पुस्तक' हा वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता. तिने सचिव किशोरभाऊंकडे नाव दिलं. त्यांनी पुस्तकाचं नाव ऐकून चष्मा वर केला.

"दरोडेखोराचं पुस्तक? ताई, आपल्याकडे आत्मचरित्रं, कविता असं असतं. लोक काय म्हणतील?"

"तुम्ही वाचलंय का, भाऊ?"

"नाही."

"मग आधी वाचा. लोकांचं नंतर बघू."

किशोरभाऊ पुस्तक घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "तुमचं भाषण शेवटी ठेवतोय. शेवटचं लोक लक्षात ठेवतात. आणि लेखकाला बोलावता येईल का?"

कार्यक्रमाच्या दिवशी नागोराव पांढरा सदरा घालून, अमरदीपचा हात धरून सिकंदराबाद स्टेशनवर आबासाहेबांना घ्यायला गेले. दोघे म्हातारे प्लॅटफॉर्मवर एकमेकांचे हात धरून इतका वेळ उभे राहिले, की हमालांना वळसा घालून जावं लागलं.

सभागृह भरलं होतं. रूपालीने भाषण स्वतः लिहिलं होतं, मराठीत, आयुष्यात पहिल्यांदा, आणि पिंकीने त्यातल्या चार वेलांट्या दुरुस्त केल्या होत्या. माइकसमोर उभी राहिल्यावर मात्र तिने कागदाची घडी करून बाजूला ठेवली.

"मला मराठी वाचता येत नव्हतं," ती म्हणाली. "या पुस्तकानं मला वाचायला लावलं. चांगल्या पुस्तकाची याहून मोठी परीक्षा मला माहीत नाही. हे पोलीस आणि दरोडेखोराचं पुस्तक आहे, ते लपवायचं काही कारण नाही. पान उलटावं असं वाटत राहतं, भाजी करपते. पण मला यात सगळ्यांत आवडला तो धीर. व्यंकूला बंदुकीनं कुणी धरत नाही. जमीन बघणारा, लोकांचं ऐकून घेणारा, घाबरूनही मागे न फिरणारा माणूस त्याला धरतो. आणि लेखकानं वाचणाऱ्यालाही त्याच शहाणपणाचं मानलंय. सगळ्या खुणा आपल्यासमोर ठेवल्यात. काहीही लपवलेलं नाही. माझ्या सासऱ्यांनी डोळे नसताना त्या खुणा वाचल्या."

तिने व्यंकू खडीवरून येतो ते एक पान वाचून दाखवलं. घाबरलेल्या माणसाला सावरून धरणारा तो आवाज आता भर सभागृहाला घाबरवत होता. मागच्या रांगेतला मोबाइलही वाजला नाही.

पान संपलं. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. आबासाहेब पहिल्या रांगेत उभे राहून, लोकांकडे वळून हात जोडत होते, आणि त्यांचे डोळे वाहत होते. इंदुताईंच्या टेबलाभोवती पुस्तकाला नाव लावायला गर्दी झाली. सत्तावीस नावं आली, त्यातली अकरा तिशीच्या आतल्यांची.

रूपाली व्यासपीठावरून उतरून सासऱ्यांजवळ आली. टाळ्या अजून चालूच होत्या. नागोरावांनी चाचपडत तिचा हात धरला.

"रूपा, किती जण उभे हायेत गं?"

तिने मागे वळून शेवटच्या रांगेपर्यंत पाहिलं.

"सगळे, मामा."