दुपारचं रक्त

"उठलास किती वाजता?" सुई हातात घेण्याआधी अक्का प्रत्येक मुलाला हेच विचारायच्या. नाव, वय सगळं नंतर. उत्तर मिळालं की ते नळीच्या चिठ्ठीवर लिहायच्या, आणि डॉक्टरही आधी तेच वाचायचे.

आमच्या लहान मुलांच्या हार्मोन क्लिनिकात त्या रक्त काढायच्या, मी काउंटरवर असे. त्यांचं मराठी घराणं बेंगळुरूत कैक पिढ्यांचं. बोलण्यात कन्नड इतकं मुरलेलं, की मी पुण्याची बाई पहिला महिनाभर नुसती मान हलवत होते.

एकदा बेळ्ळंदूरहून सात वर्षांची एक मुलगी आली. वर्गात सगळ्यांत उंच, आणि वयात येण्याची लक्षणं आत्ताच दिसू लागलेली. आईला ऑफिसातून वेळ मिळाला तो दुपारचा. रिपोर्ट नॉर्मल आला, आईनं देवाला हात जोडले. अक्कांनी नाक मुरडलं.

"दुपारचं रक्त ते! वयात येण्याच्या सुरुवातीला हे हार्मोन झोपेत चढतं, दुपारी काय दिसणार? सकाळी आणा पुट्टीला, छोटीला."

आणली की हो सकाळी! रिंगरोडचा ट्रॅफिक चुकवायला पोरीला पहाटे साडेतीनलाच उठवून, न्हाऊ घालून.

अक्कांनी कपाळाला हात लावला. "अय्यो! जे झोपेत वाढतं, त्याची झोपच मोडलीत?"

शेवटी दुसऱ्या दिवशी अक्का स्वतःच स्कूटरवर बर्फाचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेल्या. पोरगी आपणहून उठेपर्यंत सोफ्यावर बसून राहिल्या. आईला चटणीचा मिक्सरही लावू दिला नाही. "स्वल्प थांबा," एवढंच म्हणत होत्या म्हणे.

हार्मोन सापडलं, ते थोपवणारी इंजेक्शनं वेळेत सुरू झाली. आई रडायला लागली तेव्हा अक्का म्हणाल्या, "रडताय कशाला? लहानपणाची काही वर्षं वाचली हिची. माझं वयात येणं आठव्या वर्षीच सुरू झालं, तेव्हा आईनं मला खेळायला जाणंच बंद केलं."

आणि लगेच पुढच्या मुलाला हाक मारली. मला मात्र त्या दिवशी त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

गेल्या वर्षी त्या निवृत्त होऊन म्हैसूरला लेकीकडे गेल्या. परवा ती मुलगी तपासणीला आली होती, आता दहा वर्षांची. अक्का नाहीत म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं. मी फोन लावून दिला.

"आज्जी, मी शाळेच्या खो-खो टीममध्ये आहे!"

पलीकडून अक्कांनी घसा खाकरला.

"सरी, बरं झालं. मग दवाखान्यात काय करतेस? जा, खेळ."