बुडावरचं नाव

या माणसाचा मला मनस्वी राग येतो, तरी संध्याकाळचा चहा त्याच्याचकडे होतो. दुबईत, देऱ्यात आमच्या ऑफिसखाली त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. माणूस ठाण्याचा, गोडबोल्या. गिऱ्हाईकाने वस्तूचं वय विचारलं की नुसता हसतो, "आप ही बताओ, हबीबी." गिऱ्हाईक स्वतःच दोन हजार वर्षं म्हणतं आणि हा अदबीने मान खाली घालतो. वर मला ऐकवतो, "आपण आयुष्यात कधी खोटं बोललो नाही."

त्याच्याकडचं एक चिनी भांडं मला फार आवडायचं. काशाचं, अंगभर चांदीची तार ठोकून बसवलेली. घडवणाऱ्याने घाट पुरातन घेतला, पण बुडाशी स्वतःच्याच काळातल्या बादशहाचं नाव कोरलं. घाट जुना, भांडं नवं, हे त्याने स्वतःच सांगून टाकलं होतं.

काल गेलो तर हा कानस घेऊन तेच नाव घासत बसलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, लाज वाटते का जराशी?"

"कसली? मी कुठे खोटं बोलतोय?" त्याने फुंकर मारून भुकटी उडवली. "हे भांडंच खरं बोलत होतं. त्याला गप्प केलं. खलास!"