छापलं की खरं

आमच्या मेहुण्यांचा जगातल्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास बसत नाही, ती छापून हातात येईपर्यंत. शिवाजी पेठेत त्यांचं डिजिटल फ्लेक्सचं दुकान आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांचे चेहरे आणि हार सरकवणारा हा माणूस पडद्याला मात्र काडीची किंमत देत नाही. "दाजी, पडद्यावर निळा दिसतोय त्यो मशीनमधनं जांभळा येतोय. कुणाचं खरं धरायचं?" आम्हाला फ्रीज घ्यायचा होता, म्हणून मी त्यांना फोटो पाठवला. गड्यानं तो खऱ्या मापाचा छापून आणला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला. मावतोय का बघायला! उन्हातनं आल्या आल्या मी पाण्याच्या बाटलीसाठी त्याच्या दाराला हात घातला, तेव्हा बायको हसून हसून खाली बसली.

फुटबॉलच्या हंगामात तर विचारूच नका. फायनलच्या आदल्या दिवशी पेठेच्या संघाचा 'विजेते' फ्लेक्स छापून तयार! संघ इमानेइतबारे हरायचा. निम्म्या पेठेच्या मोटारसायकली आज पावसात विजेतेपदाखाली झाकलेल्या असतात.

त्या प्रत्येक फ्लेक्सवर, खाली शुभेच्छुकांच्या ओळीत, फेटा बांधून हसणारे आबा असायचे, म्हणजे मेहुण्यांचे वडील, माझे सासरे. जन्मभर त्यांनी या संघापायी घसा फोडला. गेल्या पावसाळ्यात ते गेले. आता फ्लेक्सचा शिरस्ता असा, की गेलेला माणूस खालून वर जातो, हाराच्या चौकटीत. यंदा मेहुण्यांनी आधी फ्लेक्स छापलाच नाही. शहाणे झाले, असं आम्ही समजलो. आणि यंदाच संघ जिंकला!

गुलालानं माखलेली पोरं दुकानात घुसली. "मालक, फ्लेक्स काढा की!" पडद्यावर सगळं तयार होतं, फक्त वरची चौकट रिकामी होती. मेहुणे माऊसवर हात ठेवून नुसते बसलेले. मला हळूच म्हणाले, "आबास्नी वर सरकवायला एक बोट लागतंय दाजी. पर छापलं की खरंच झालं की वो ते."

शेवटी त्यांनी ती चौकटच पुसून टाकली आणि मशीन चालू केलं.

संध्याकाळी चौकात फ्लेक्स चढला. आबा खालीच, शुभेच्छुकांत. आमची पेठ काही गप्प बसणारी नव्हे. फ्लेक्सवर कुणाचा फोटो बोटभर लहान आला तरी इथं भांडणं होतात. पण त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही. आबांच्या जोडीचा एक म्हातारा तेवढा गुलाल उधळत वर बघून ओरडला, "आबा, जिंकलो की रं!"

मेहुणे माझ्या शेजारी उभे होते. डोळे पुसत म्हणाले, "फेट्याचा रंग बरोबर आलाय न्हवं, दाजी?"

"अगदी बरोबर," मी म्हटलं.